धान्य नाही, साखर नाही... मग हा गाजराचा केक गोड कसा लागतो?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कॅम्प ४ मधल्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. वय बासष्ट, मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्या वेळेवर घेणाऱ्या, चालायला जाणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) डब्यात गाजराचा केक होता. "डॉक्टर, बिनधास्त खा. यात मैदा नाही, गहू नाही, कुठलंच धान्य नाही. साखरेचा एक दाणा नाही. सुनेनं घरी केलाय."

मी तुकडा खाल्ला. केक उत्तम झाला होता. मग त्यांनी पर्समधून रिपोर्ट काढला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.२ वरून ८.४ वर गेली होती. "पोळी अर्धी केली, भात सोडला, तरी वाढली. लॅबचीच चूक असणार," असं त्यांचं म्हणणं.

चूक लॅबची नव्हती. मी त्यांच्या सुनेला फोन लावून केकचं साहित्य विचारलं. पाव किलो खजूर, एक वाटी गूळ, अर्धी वाटी मध, राजगिऱ्याचं पीठ, गाजर, तूप. हा केक आठवड्याला एक या हिशोबाने चालू होता आणि रोज चहाबरोबर "औषधासारखा" एक मोठा तुकडा खाल्ला जात होता.

तुम्हीही माझ्याबरोबर हा हिशोब करून पाहा. खजुरात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखरच असते, म्हणजे पाव किलोत १६० ग्रॅमच्या आसपास. गुळात १०० ग्रॅममागे साधारण ८५ ते ९० ग्रॅम साखर, वाटीभर गुळात १३० ग्रॅम धरा. मधात ८० टक्क्यांच्या आसपास, अर्ध्या वाटीत ८० ग्रॅम. बेरीज झाली ३७० ग्रॅम. दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ३७ ग्रॅम, म्हणजे सात-साडेसात चमचे साखर. त्यात राजगिऱ्याच्या पिठातला स्टार्च वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सुचवली, तिच्यातली अधिक कडक मर्यादा निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम आहे. बाईंचा "साखरेचा दाणा नसलेला" तुकडा एकटाच तिच्या पुढे जात होता.

सुनेचा यात काही दोष नाही. तिने मोबाइलवर पाहिलेली पाककृती तंतोतंत केली होती, आणि सासूबाईंसाठी दोन तास ओट्यापाशी उभी राहिली होती. दोष आहे तो आपण सगळ्यांनी पटकन गिळलेल्या दोन शब्दांचा: "धान्यमुक्त" आणि "नैसर्गिक गोडवा".

आधी धान्यमुक्त या शब्दाकडे बघू. आपल्याला हा प्रकार खरं तर नवा नाही. उपवासाच्या दिवशी मराठी घरात गहू, ज्वारी, तांदूळ बंदच असतात. त्या दिवशी आपण काय खातो? साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावालाही नाहीत. शिंगाड्याचं पीठ, तेही बहुतांश स्टार्चच. बटाटा, रताळं. वरई किंवा भगर तर सरळसरळ धान्यच आहे, फक्त आपण तिला उपवासाला चालवून घेतो. राजगिरा त्यातल्या त्यात बरा, त्यात प्रथिनं आणि लोह चांगलं असतं. पण कर्बोदकं त्यातही १०० ग्रॅमला साठच्या पुढे असतात, आणि फुलवलेल्या राजगिऱ्याचे लाडू साखर झपाट्याने चढवतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणारे मधुमेही रुग्ण ग्लुकोमीटरचे आकडे दाखवून विचारतात, "काल तर उपवास होता, मग?" त्याचं उत्तर हेच आहे. धान्य नसलं म्हणजे कर्बोदकं नाहीत असं होत नाही. स्वादुपिंडाला ताटातल्या पदार्थाचं नाव कळत नाही, रक्तात किती ग्लुकोज आलं तेवढंच कळतं.

मग धान्यमुक्त केक कुणाला लागतो? ज्यांना सिलिअॅक आजार आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, त्यांनी गहू, मैदा, रवा, बार्ली कडकडीत बंद ठेवायलाच हवी. पण त्यांनाही तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते. सगळी धान्यं सोडायची गरज नाही. त्यांनी लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींकडे. बाजारातल्या बहुतेक डबीबंद हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि ज्या चक्कीवर आधी गहू दळले त्याच चक्कीवर दळलेल्या बेसनात किंवा ज्वारीत गहू उतरतोच. बाकी तुम्हा-आम्हाला धान्य सोडल्याने आपोआप काही आरोग्य मिळत नाही. भाकरी हा काही विषाचा तुकडा नव्हे.

तरीसुद्धा, आणि इथे मी माझ्या काही सहकाऱ्यांपेक्षा वेगळं मत मांडतो, नीट केलेला धान्यमुक्त गाजर केक मला आवडतो आणि मी तो रुग्णांना सुचवतोही. उल्हासनगरसारख्या गावात गोड सोडा असं सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. इथे एकाच गल्लीत गणपतीचे मोदक, चेटीचंडची मिठाई, लग्नाचे पेढे आणि दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो. थंडीत सिंधी शेजाऱ्यांकडून सुकामेव्याचा माजून आणि वरो येतो, थदरीला गोड लोला येतो. लालचक्कीपासून विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत चालत गेलात तर किती बेकऱ्या आणि मिठाईची दुकानं लागतात ते एकदा मोजून बघा. या सगळ्यातून वाट काढत वीस-तीस वर्षं मधुमेह सांभाळायचा आहे. ज्याला वाढदिवसाला काहीच चालत नाही, तो महिनाभर नियम पाळतो आणि मग चोरून अर्धा किलो खातो. त्यापेक्षा घरात केलेला, मोजून गोड केलेला एक तुकडा सगळ्यांसमोर ताटलीत घेऊन खाल्लेला बरा.

शिवाय केकमध्ये गाजर घालण्यामागचं कारणच मुळात साखर वाचवणं हे होतं. युरोपात गाजराची पुडिंगं जुनीच. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचं रेशनिंग सुरू झालं तेव्हा तिथल्या सरकारने गृहिणींना गाजराने गोडवा आणायला शिकवलं. गाजराने अंधारात दिसतं, ही कथाही त्याच काळातल्या प्रचारातून जगभर गेली. (जीवनसत्त्व 'अ' ची कमतरता असेल तर गाजर उपयोगी आहे, चष्म्याचा नंबर मात्र त्याने जात नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.) आणि स्वित्झर्लंडच्या आरगाउ भागातला प्रसिद्ध गाजर केक दळलेल्या बदामावरच उभा असतो, त्यात पीठ अगदी थोडं. म्हणजे धान्याशिवाय गाजराचा केक ही कालपरवाच्या डाएटवाल्यांची कल्पना नाही.

आमच्या घरी मी आणि पत्नीने गेल्या दोन वर्षांत हा केक बऱ्याच वेळा केला. पहिला मध्यभागी बसला आणि त्याचा शिरा झाला. दुसरा खालून करपला. आता जमतो तो असा.

गाजरं २०० ग्रॅम, बारीक किसून. थंडीतली लाल असोत वा बारमाही केशरी, दोन्ही चालतात. लाल जरा जास्त पाणी सोडतात म्हणून कीस हलक्या हाताने पिळून घ्या. पिळलेलं पाणी आमटीत घाला, टाकू नका. बदाम १५० ग्रॅम, मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवलेले; सलग फिरवलेत तर तेल सुटून गोळा होतो. भाजून सोललेल्या शेंगदाण्याचं कूट ५० ग्रॅम. बदाम परवडत नसतील तर निम्मे बदाम आणि निम्मं कूट घ्या, चवीत फरक पडेल, साखरेत फारसा नाही. शेंगदाणे मात्र ताजे हवेत. कडू लागणारा किंवा बुरशीचा काळपट-हिरवट दाणा सरळ फेकून द्या, त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. तीन अंडी. तीन मोठे चमचे तेल. किसलेला गूळ ५० ग्रॅम, वजन करून, "अंदाजे" नाही. अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा लिंबाचा रस. तयार बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचं पीठ असतं, म्हणून धान्य अगदीच नको असेल तर हे बरं. दालचिनी, वेलची, जायफळ सढळ हाताने. हे मसाले महत्त्वाचे आहेत. दालचिनी आणि वेलचीचा वास जिभेला गोडाची आठवण करून देतो आणि कमी गूळ पुरतो.

अंडी आणि गूळ चांगले फेसाळ होईपर्यंत फेटा, इथे घाई केलीत तर केक बसणारच. मैद्यात ग्लुटेनचं जाळं असतं, ते हवा धरून ठेवतं. बदामात ते नाही, त्यामुळे सगळा भार अंड्यांवर येतो. मग तेल, लिंबूरस, बदाम, कूट, सोडा, मसाले आणि शेवटी गाजर हलक्या हाताने मिसळा. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशांवर ४० मिनिटांच्या आसपास. नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही. मध्ये सुरी घालून कोरडी आली की झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम असताना हा केक भुसभुशीत असतो आणि तुटतो.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी: अर्धी वाटी घट्ट दही आणि दोन चमचे इसबगोल. इसबगोल फुगून चिकटपणा देतं. पण खरं सांगतो, त्याला केकपेक्षा गाजराची वडी म्हणा, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. चवीला छानच लागते.

या केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात ५ ग्रॅमच्या आसपास साखर येते (गाजराची आणि बदामाची धरून), एकूण पचणारी कर्बोदकं साडेसहा-सात ग्रॅम. एका फुलक्यात १८ ते २० ग्रॅम असतात. म्हणजे रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने हा तुकडा एक तृतीयांश फुलका झाला. पण कॅलरी? १६५ च्या आसपास, म्हणजे दीड फुलक्याहून जास्त, कारण बदाम, शेंगदाणे आणि तेल. हे कोणी सांगत नाही. "साखर कमी आहे" म्हणून तीन तुकडे खाल्ले तर जवळपास ५०० कॅलरी झाल्या, आणि मग तीन महिन्यांनी "डॉक्टर, काहीच खात नाही तरी वजन वाढलं" हे वाक्य मी ऐकतो. एक तुकडा, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे.

गुळाऐवजी स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल चालेल का, हा पुढचा प्रश्न असतोच. मधुमेह असलेल्यांना थोडंफार चालेल. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशी गोडवर्धकं वापरू नका असं सांगितलं, पण ती सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांनी जिभेची गोडाची सवय आहे तिथेच राहते. आणि काही पुड्यांमध्ये आकारमानासाठी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेलं असतं, जे रक्तात ग्लुकोजच होतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मला विचाराल तर ५० ग्रॅम गूळ, आणि पुढच्या वेळी ४० ग्रॅम. महिन्या-दोन महिन्यांत जीभ शिकते. गुळाऐवजी साखर घातलीत तरी मधुमेहाच्या दृष्टीने फरक नाही. गुळात थोडं लोह असतं, पण त्यासाठी गूळ खायचा तर आधी पालेभाजी खा.

आता ज्या कारणासाठी मी मुळात हे लिहायला बसलो ते सांगतो. त्या बाई आल्या त्याच सुमारास एका रात्री साडेदहाला शेजारच्या इमारतीतून मला बोलावणं आलं. एकाहत्तर वर्षांचे आजोबा, घामाने ओले, बडबड असंबद्ध. घरच्यांना अर्धांगवायू वाटला होता. ग्लुकोमीटरवर साखर ४८. आठवड्यापूर्वी मुलाने त्यांना धान्यमुक्त आहारावर टाकलं होतं. पोळी, भात, भाकरी सगळं बंद. उद्देश चांगला होता आणि साखर खाली येतही होती. फक्त ग्लिमेपिराइडची गोळी जुन्याच डोसने चालू होती, कारण कुणी डॉक्टरला विचारलंच नव्हतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. भाकरी गेली, गोळी राहिली, आणि साखर खाली-खाली गेली. घरच्यांनी त्यांना "काहीतरी खायला द्यावं" म्हणून काय दिलं होतं माहीत आहे? बदामाचा, बिनसाखरेचा केक.

तो केक त्या क्षणी निरुपयोगी होता. त्यात साखर जवळपास नव्हतीच, आणि जी होती ती बदामाच्या तेलामुळे उशिरा शोषली जाणार होती. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजली, ते गिळू शकत होते म्हणून. पंधरा मिनिटांनी साखर ७९ झाली, आणखी एकदा दिली, मग थोडी पोळी. आणि रात्रभर निरीक्षणासाठी रुग्णालयात पाठवलं, कारण या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. आजोबा वाचले. पण ती वेळ झोपेत आली असती तर?

म्हणून तुम्ही ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेत असाल, किंवा इन्सुलिन, तर धान्य सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करावा लागतो, कधी बंदही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं चालू असतील तर कर्बोदकं एकदम तोडू नका. अशा वेळी साखर जेमतेम वाढलेली असतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. आणि घरात मधुमेही असेल तर साधी साखर किंवा ग्लुकोजची पावडर घरात ठेवाच, पूर्ण "शुगर-फ्री" घर करू नका. रुग्ण बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही न घालता लगेच रुग्णालयात न्या.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी सुकामेव्याचा केक विचारल्याशिवाय खाऊ नये, त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं. शेंगदाण्याची किंवा बदामाची अॅलर्जी असेल तर प्रश्नच नाही. शाळेत डब्यात देणार असाल तर दुसऱ्याच्या मुलाचाही विचार करा.

विकत घेणाऱ्यांसाठीही थोडं. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरात घरून केक करणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत आणि त्यांच्या मेहनतीचा मला आदर आहे. ज्या गावात निर्वासितांनी घरोघरी पापड लाटून संसार उभे केले, तिथे मी घरगुती धंद्याला नावं ठेवणार नाही. पण "डायबेटिक फ्रेंडली" या शब्दाने तुमचं समाधान होऊ देऊ नका. गोडासाठी काय घातलं, किती ग्रॅम घातलं, आणि किती तुकडे धरले, हे तीन प्रश्न विचारा. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते, तीही विचारा. जिला हिशोब माहीत आहे ती आनंदाने सांगते.

त्या बासष्ट वर्षांच्या बाईंना मी केक बंद करायला सांगितला नाही. सुनेला वर दिलेली पाककृती लिहून दिली आणि बाईंना सांगितलं की दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा जुना केक आणि एकदा नवा, चहाबरोबर एकच तुकडा खा आणि दोन तासांनी बोटाला टोचून आकडा लिहा. नव्या केकच्या वेळी तीन तासांनीही एकदा बघा, कारण तेला-बदामामुळे साखर जरा उशिरा चढते. आठवड्याने त्या कॅलेंडरचा फाडलेला कागद घेऊन आल्या. जुना केक: २३८. नवा: दोन तासांनी १५९, तीन तासांनी १५२. कागदाच्या मागे सुनेने पेन्सिलीने लिहिलं होतं, "गूळ ४५ ग्रॅम केला तर चालेल का? आईंना कळलं नाही."